‘ग्लीन’ आणि ‘वेचणें’

परभाषेंतील एखादें साधें क्रियापद शिकवीत असतां आपल्याच भाषेंतील क्रियापदाचा अर्थ आपण कधीं नीट पाहिलेला नाहीं असें लक्षांत यावें, हा अध्यापकाच्या आयुष्यांतील फारसा सुखाचा नसला तरी मोठा उपकारक प्रसंग होय. प्रस्तुत लेखकावर तो कीट्स कवीच्या शरदृतूवरील ओडेमुळें ओढवला. ही कविता कवीनें १८१९ च्या सप्टेंबरांत विंचेस्टर येथें लिहिली, आणि तेव्हांपासून ती इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येक पिढीला शिकविली जात आहे. तिच्या मधल्या कडव्यांत शरद् ऋतूला मनुष्यरूप दिलेलें आहे. कापणी झालेल्या शेतांतून कणसें वेचून परतणाऱ्या माणसाप्रमाणें तो डोक्यावरचा भार सांवरीत ओहोळ ओलांडतो, असें तें चित्र आहे. अशा माणसाला इंग्रजींत ‘ग्लीनर’ म्हणतात व त्याच्या क्रियेला ‘ग्लीन’ करणें म्हणतात.

मीं नेहमींच्या संवयीनें ‘ग्लीन म्हणजे वेचणें, गोळा करणें’ असें सांगून पुढच्या ओळीकडे वळलों. इतक्यांत धानोऱ्याकडचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, म्हणजे आमची आई मोहफुलें वेचते तसेंच ना?” मी म्हणालों, “अगदीं तसेंच.” पण शब्द तोंडांतून गेल्याबरोबर मला थांबावें लागलें. “नाहीं, अगदीं तसें नव्हे. ग्लीन करणारा दुसऱ्याच्या शेतांत जातो. मालकानें पीक उचलून नेल्यावर जें मागें राहतें तेवढेंच तो वेचतो.” त्यावर त्यानें विचारलें, “मग सर, आमचं जंगल दुसऱ्याचं आहे काय?” वर्गांत हंशा पिकला. तो मुलगा मात्र हंसला नाहीं. घंटा झाली म्हणून मी सुटलों. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो एका शब्दाच्या परीक्षणापासून सुरू करणें मला भाग आहे, कारण दुसरें कोणतेंहि शास्त्र मला येत नाहीं.

‘ग्लीन’ हा शब्द इंग्रजांचा घरचा नव्हे. तो जुन्या फ्रेंच भाषेंतील ‘ग्लेने’ या रूपावरून चौदाव्या शतकाच्या सुमारास तिकडे गेला. फ्रेंचांनीं तो उत्तरकालीन लॅटिनांतील ‘ग्लेन्नारे’ या शब्दावरून घेतला. आणि हा लॅटिन शब्दहि रोमन लोकांचा नसून गॉल प्रांतांतील केल्टिक शेतकऱ्यांच्या बोलींतून उचललेला असावा, असें व्युत्पत्तिकार मानतात. जुन्या आयरिश भाषेंत गोळा करणें या अर्थाचें एक सजातीय क्रियापद सांपडतें. म्हणजे जिंकलेल्या लोकांचा शब्द जिंकणाऱ्यांनीं स्वीकारला, असा याचा इतिहास दिसतो. स्वतः रोमन लोकांजवळ या कामासाठीं ‘लेगेरे’ हें क्रियापद होतेंच. त्याचा मूळ अर्थ निवडून उचलणें असा, आणि पुढें त्यालाच वाचणें हा अर्थ आला. जर्मन भाषेंत तर आजहि ‘लेझेन’ या एकाच क्रियापदानें पुस्तक वाचणें आणि द्राक्षें किंवा कणसें वेचणें हीं दोन्ही कामें सांगतां येतात. आपल्याकडे ‘वाचणें’ आणि ‘वेचणें’ यांत एका मात्रेचा फरक पाहून विद्यार्थ्यांना मोठी गंमत वाटते. पण हे दोन शब्द सख्खे नव्हेत, पहिला वच् धातूकडचा आणि दुसरा चि धातूकडचा, हें त्यांना वेळींच सांगितलेलें बरें.

शब्द केल्टिक असला तरी त्याच्याभोंवतीं जो नीतीचा अर्थ जमला तो यहुदी धर्मग्रंथांतला. मोशेच्या नियमशास्त्रांत शेतमालकाला आज्ञा आहे कीं शेताचे कोपरे पुरते कापूं नयेत, गळलेलीं कणसें पुन्हा उचलूं नयेत, विसरलेली पेंढी आणावयास मागें फिरूं नये. तें सारें गरीब, परका, पोरका आणि विधवा यांच्यासाठीं ठेवावें. रूथची सुंदर कथा या नियमावरच उभी आहे. ही मवाबी विधवा सासूबरोबर बेथलेहेमास येते, बवाजाच्या शेतांत कापणाऱ्यांच्या मागून कणसें वेचते, आणि बवाज आपल्या गड्यांना तिच्यासाठीं मुद्दाम थोडीं कणसें टाकीत जाण्यास सांगतो. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनीं येथें ‘सरवा वेचणें’ ही जोडी वापरली, हें त्यांच्या भाषाज्ञानाचें उत्तम गमक होय. सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर शेतांत राहिलेलें धान्य वा शेंगा. नुसतें ‘वेचणें’ लिहिलें असतें तर शेत कोणाचें हा मुद्दा सुटला असता. ‘सरवा’ या शब्दानें तो पकडला. आमच्या शाळा-कॉलेजांतल्या टिपणवह्यांत मात्र हा नेमका शब्द क्वचितच दिसतो. तेथें ‘गोळा करणें’ ही सर्वसंग्राहक थैली तयार असते, आणि मीं स्वतः तींतच तीस वर्षें हात घातला, हें कबूल केलें पाहिजे.

तेव्हां ‘ग्लीन’ या शब्दाच्या पोटांत तीन गोष्टी गृहीत आहेत: शेताला मालक आहे, मुख्य पीक त्यानें नेलें आहे, आणि उरलेलें दुसऱ्यानें उचलण्यास त्याची संमति किंवा निदान कानाडोळा आहे. ही संमति म्हणजे दया कीं वेचणाऱ्याचा हक्क, हा प्रश्न इंग्लंडांत एकदां खरोखरच न्यायालयापुढें आला. सफक परगण्यांतील टिमवर्थ या गांवीं मेरी हॉटन नांवाच्या स्त्रीनें स्टील नामक शेतकऱ्याच्या शेतांत सरवा वेचला. त्यानें फिर्याद केली, आणि १७८८ सालीं न्यायाधीशांनीं तीन विरुद्ध एक अशा बहुमतानें ठरविलें कीं सरवा वेचण्याचा कोणताहि सर्वसाधारण हक्क इंग्लंडच्या रूढ कायद्यांत नाहीं. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ति गूल्ड यांनीं जुन्या रूढीचा व धर्मग्रंथाचा आधार घेतला होता. निकाल झाला खरा, तथापि खेड्यांतील बायकामुलें पुढील शतकांतहि वेचीतच राहिलीं. कित्येक गांवांत तर सकाळीं वेचणी सुरू करण्याची घंटा वाजत असे. कायद्यानें नाकारलेली गोष्ट गांवानें चालू ठेवली.

आतां कीट्सकडे वळूं. या निकालानंतर एकतीस वर्षांनीं त्यानें शरदावर ओड लिहिली. तिच्यांतलें वेचणाऱ्याचें चित्र इतकें शांत, इतकें तोललेलें आहे कीं त्या डोक्यावरच्या भाराखालीं मान दुखत असेल असा विचारहि वाचकाला शिवत नाहीं. याविषयीं कवीला दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु एक गोष्ट नजरेस आणणें टीकाकाराचें काम आहे. त्याच वर्षीं, अवघ्या कांहीं महिन्यांपूर्वीं, नाइटिंगेल पक्ष्यावरील ओडेंत याच कवीनें रूथला परक्या धान्यांत उभी राहून रडतांना दाखविलें होतें. म्हणजे वेचणारीच्या परकेपणाची जाणीव त्याला नव्हती असें नाहीं. शरदाच्या ओडेंत मात्र ती त्यानें गाळली, आणि वेचणारी गरीब बाई म्हणून न येतां खुद्द ऋतूच वेचणारा होऊन आला. ऋतूला कोण अडविणार? त्या कवितेच्या पूर्णत्वाला हें गाळणें आवश्यक होतें असें माझें मत आहे. पण तें गाळलेलें आहे हें विद्यार्थ्यास सांगितलें पाहिजे. फ्रेंच चित्रकार मिले यानें १८५७ सालीं याच विषयाचें जें चित्र प्रदर्शनांत मांडलें त्यांत त्यानें कांहींच गाळलें नाहीं. पुढें तीन वांकलेल्या बायका, हातांत मोजकीं कणसें. मागें दूर सोनेरी गंजी, भरलेली गाडी, आणि घोड्यावर बसलेला देखरेख करणारा. पॅरिसचे सुखवस्तु प्रेक्षक तें पाहून अस्वस्थ झाले होते, तें बायकांच्या वांकण्यानें कीं मागच्या गंजीनें, कोणास ठाऊक.

आपल्या परंपरेंत या क्रियेला याहूनहि मोठा मान आहे. संस्कृतांत तिला उंछ म्हणतात. एकेक दाणा बोटांनीं टिपणें तें उंछ, आणि दाण्यांसकट लोंबी वेचणें तें शिल, असा सूक्ष्म भेद टीकाकारांनीं केला आहे. मनुस्मृतीच्या चवथ्या अध्यायांत ब्राह्मणाच्या उपजीविकेचे प्रकार सांगतांना उंछशिलाला ‘ऋत’ हें नांव दिलें आहे, भिक्षेला ‘मृत’ आणि शेतीला ‘प्रमृत’. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वांत अर्ध्या सोन्याच्या अंगाचें मुंगूस युधिष्ठिराच्या यज्ञांत येऊन सांगतें कीं कुरुक्षेत्रांतील एका उंछवृत्तीच्या ब्राह्मणानें अतिथीला दिलेल्या शेरभर सातूची सर या यज्ञाला नाहीं. वैशेषिक दर्शनाचा कर्ता कणाद याच्या नांवाचा उलगडाहि परंपरा याच वृत्तीनें करते. हें सर्व उदात्त आहे, यांत शंका नाहीं. परंतु हा गौरव ज्यानें वेचणें हें व्रत म्हणून पत्करलें त्याचा आहे. भुकेपोटीं जी वेचते तिच्यासाठीं शास्त्रकारांनीं असें नांव योजिलेलें नाहीं. संस्कृतांतील तो ‘शिल’ शब्द हिंदी व छत्तीसगढी खेड्यांत ‘सीला’ या रूपानें अजून जिवंत आहे. धानाची कापणी झाली कीं बायकापोरें सीला वेचावयास निघतात. शास्त्रांतून तो शब्द गेला त्यालाहि पुष्कळ काळ लोटला. बांधावर तो टिकला.

मराठी ‘वेचणें’ या सर्वांहून निराळें आहे. वि या उपसर्गासह चि या धातूपासून तें आलें, म्हणजे निवडून उचलणें हा त्याचा गाभा. डोळा आणि बोट या दोहोंची गरज त्यांत आहे. ढीग ओढून घेण्याला कोणी वेचणें म्हणत नाहीं. वऱ्हाडांत बाई बोंडांतला कापूस वेचते. तो मालकाचा असतो, झाडावरच असतो, आणि तिला मजुरी मिळते. त्यांत सरव्याचा संबंध नाहीं. मूल खडे वेचतें, सुगृहिणी तांदुळांतले गोटे वेचते. परशुरामतात्या गोडबोले यांनीं १८५४ सालीं ‘नवनीत’ या नांवानें मराठी कवितांचे वेंचे प्रसिद्ध केले, तेव्हांपासून साहित्यांतहि आपण वेचूं लागलों. या साऱ्या उपयोगांत मालक कोण हें क्रियापद सांगतच नाहीं. तें काम फक्त हाताचें आणि नजरेचें वर्णन करतें. याच रूपाचें दुसरें एक ‘वेचणें’ जुन्या मराठींत आहे, त्याचा अर्थ खर्चणें. त्याचा संबंध व्यय या शब्दाशीं लावतात. संतांच्या वाणींत ‘वेच’ म्हणजे खर्च, आणि आजहि ‘अमक्यानें या कार्यांत जन्म वेचला’ असें आपण म्हणतों. दोन वेगळ्या मुळांचे शब्द वाटेंत एकमेकांसारखे झाले. यावरून तत्त्वज्ञान काढण्याचा मोह पुष्कळांस होतो. मी तो आवरतों.

त्या विद्यार्थ्याच्या आईचें वेचणें कोणतें, हें आतां पाहतां येईल. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) फाल्गुन-चैत्रांत मोह फुलतो. त्याचें फूल कोणी तोडीत नाहीं. रात्रीपासून तें आपणच गळूं लागतें, आणि पहांटे झाडाखालीं पिवळट पांढरा सडा पडलेला असतो. ऊन चढण्यापूर्वीं तो टोपल्यांत भरावा लागतो, म्हणून बायकापोरें अंधारांतच निघतात. फुलें पाचोळ्यांत हरवूं नयेत म्हणून झाडाखालची जागा आधीं साफ करितात. कोणी पाचोळा जाळतात, त्यांतून कधीं वणवाहि लागतो, हें खरें आहे आणि तें लपविण्याचें कारण नाहीं. मग फुलें वाळवावयाचीं, कांहीं घरीं ठेवावयाचीं, कांहीं बाजारीं न्यावयाचीं. येथें मालकानें आधीं नेलेलें पीक कोठें आहे? मागें उरलेला सरवा कोणता? झाडानें जें टाकलें तेंच पीक, आणि वेचणारी हीच त्याची पहिली धनीण. इंग्रजी शब्दाच्या तीन गृहीतांपैकीं एकहि येथें लागू पडत नाहीं.

शिवाय त्या मुलखांत सारेंच वेचीत नाहींत. मोह वेचतात, तेंदूचीं पानें तोडतात, बांबूहि तोडतात, डिंक आणि मध काढतात, कंद खणतात, तरोट्याची भाजी खुडतात, पावसाळ्यांत सात्या उपटून आणतात, आणि वास्ते म्हणजे बांबूचे कोंब कापतात. प्रत्येक क्रियापदामागें निराळें हत्यार, निराळा ऋतु, निराळा धोका आहे. मे महिन्याच्या उन्हांत तेंदूचीं पानें तोडून घरीं आणल्यावर सारें कुटुंब बसून त्यांचे पुडे बांधतें, आणि अशा एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. सरकारी मराठींत या सर्व क्रियांना एकच शब्द आहे, ‘संकलन’. आणि वस्तूंना एकच नांव, ‘गौण वनोपज’. दोन्ही शब्द इंग्रजीवरून बेतलेले आहेत. ‘संकलन’ हा शब्द ग्रंथाच्या मलपृष्ठावर शोभतो. वाघाच्या रानांत पहांटे शिरणाऱ्या बाईच्या कामाला तो लावला कीं त्या कामांतलें सगळें अंग निघून जातें. सन २०२५ च्या मे महिन्यांत सिंदेवाही तालुक्यांत तेंदूचीं पानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मेल्या. बातमीच्या भाषेंत त्या ‘संकलनासाठीं’ गेल्या होत्या. आणि ‘गौण’ कोणाच्या हिशेबानें? सागवानाच्या मानानें गौण, एवढाच त्याचा अर्थ. ज्या घरांत वर्षाचें मीठमिरची आणि मुलांच्या वह्या मोहाच्या व तेंदूच्या पैशांतून येतात, तेथें ते मुख्य पीक आहे.

कायद्याची भाषा नुसतीच रुक्ष असती तर टीकाकारानें ती सोडून दिली असती. पण ती अर्थ घडविते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत वनोपजाची जी व्याख्या आहे तिचे दोन भाग आहेत. पानें, फळें, मध इत्यादि वस्तु जंगलांत सांपडल्या किंवा जंगलांतून आणल्या तरच वनोपज होतात. इमारती लाकूड, कोळसा, लाख वगैरे कांहीं वस्तु मात्र जंगलांतल्या असोत वा नसोत, वनोपजच मानावयाच्या. आणि या दुसऱ्या यादींत मोहाचीं फुलें व मोहाच्या बिया आहेत. म्हणजे आपल्या घराच्या परसांतल्या मोहाचें फूलहि व्याख्येपुरतें जंगलचें. पुढें १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें याच फुलांच्या सांठ्यावर व वाहतुकीवर निर्बंध घातले. फुलाची भाकरी होते, लाडू होतात, दुष्काळांत तेंच पोट भरतें, हें व्याख्याकाराच्या लेखीं आलेंच नाहीं. आमच्या जुन्या मध्यप्रांतांत ‘निस्तार’ असा एक सुंदर शब्द चालत असे: गांवानें आपल्या गरजेपुरतें लाकूड, गवत, फुलें-फळें जंगलांतून घेऊन निभावून नेणें. निस्तार म्हणजे तरून जाणें. त्या शब्दांत निदान माणसाची गरज तरी दिसत होती. पण जंगलखात्याच्या काळांत निस्तार ही सवलत झाली. देणारा ठरला तेव्हां घेणारा आपोआप सरवा वेचणारा झाला.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें या वाक्यरचनेंत महत्त्वाचा बदल केला. त्यांत परंपरेनें गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर मालकीचा, तें गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क सांगितला आहे, आणि त्या वनोपजांत बांबू व तेंदू यांचीं नांवें स्पष्टपणें घातलीं आहेत. गोळा करण्याच्या आधीं मालकीचा शब्द आला आहे, हें वाचकानें ध्यानांत घ्यावें. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवाला या कायद्यान्वयें २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला. देशांत तो प्रथम मिळविणाऱ्या गांवांत त्याची गणना होते. तरीहि बांबू तोडून विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि तो देण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हातीं राहिला. २०११ च्या एप्रिलांत केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितींत परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें, तेव्हां कोठें त्या मालकी शब्दाला व्यवहारांत अर्थ आला. दोन वर्षें एक गांव एका नामाचा अर्थ सिद्ध करीत बसलें होतें असें म्हटलें तरी चालेल.

माझे एक सहाध्यायी मित्र म्हणतात कीं ‘ग्लीन’चा अर्थ आतां इतका पातळ झाला आहे कीं इंग्रज वार्ताहर बातम्याहि ग्लीन करितो, मग एवढा कीस कशाला? त्यांचें म्हणणें अर्धें बरोबर आहे. थोडेंथोडें, कष्टानें मिळविणें एवढाच अर्थ घ्यावयाचा असेल तर त्या शब्दाला ‘वेचणें’ किंवा ‘टिपणें’ हे प्रतिशब्द पुरेसे आहेत. परंतु जेथें शेत आहे, मालक आहे आणि गरीब आहे, तेथें ‘सरवा वेचणें’ हेंच भाषांतर केलें पाहिजे. आणि उलट दिशेनें, मोह वेचणाऱ्या बाईविषयीं इंग्रजींत लिहितांना कोणी हौसेनें ‘ग्लीन’ लिहिलें तर तें खोडलें पाहिजे. दिसावयास तो शब्द काव्यमय आहे. त्यानें त्या बाईला रूथच्या जागीं उभी केली जाते, आणि जंगलाला एक बवाज मिळतो. बवाज दयाळू असला तरी तो बवाजच.

त्या विद्यार्थ्याला उत्तर द्यावयाचें राहिलेंच होतें. मागच्या आठवड्यांत तो ग्रंथालयांत भेटला तेव्हां मीं त्याला वरील सर्व सांगितलें; १७८८ चा निकाल त्याला विशेष आवडला, आणि विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्तींचें नांव त्यानें वहींत उतरून घेतलें. मग म्हणाला, “सर, मोहाला इंग्रजींत काय लिहूं?” मीं त्याला ‘गॅदर’ हा साधा शब्द सुचविला. तो फारसा गोड नाहीं, पण त्यांत कोणाचें शेत नाहीं. पुढील वर्षीं ती ओड पुन्हा शिकवावयाची आहे. तेव्हां मोहाचें उदाहरण मी स्वतःच देणार आहें. तें कोठें जुळत नाहीं हें मात्र आधीं सांगून.